एका दमात बत्तीस ठोके

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो वाकला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. नाडी मुळात सुटलेली नव्हतीच. गेले सहा महिने ती रोज त्याच पायरीवर सुटत होती, आणि तो ती फुरसतीनं, दोनदा गाठ मारून बांधत होता. छातीतला भाता जागेवर यायला तेवढा वेळ लागायचा.

रेडिओ केंद्राच्या त्या इमारतीत लिफ्ट होती. पण स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता, आणि फुंकून वाजवणाऱ्यानं लिफ्टचं बटण दाबलं की तो म्हातारा झाला, असं वाद्यवृंदात ठरूनच गेलं होतं.

व्हायोलिनवाली बाई त्याच्या शेजारून वर गेली. "अहो दमदार, एकदाची पक्की गाठ मारा की. नाहीतर चपला घालून या."

"चपलांचा आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये," तो खालूनच म्हणाला. एवढं वाक्य त्याला दोन तुकड्यांत म्हणावं लागलं.

दमदार हे त्याचं नाव नव्हे. ते त्याला त्या सुरानं दिलं होतं. केंद्राचा वाद्यवृंद दर सोमवारी जो कार्यक्रम मुद्रित करी, त्याच्या शेवटी एक ठरलेली सुरावट असे, आणि सुरावटीच्या शेवटी क्लॅरिनेटचा एकच लांब सूर. बत्तीस ठोके, एका दमात. बाकी सगळी वाद्यं एकेक करून गप्प होत आणि तो सूर तेवढा मागं राही, सगळे निघून गेल्यावर दिवा मालवायला थांबलेल्या माणसासारखा. रविवारी सकाळी कार्यक्रम लागला की घरोघरची पोरं नाक दाबून त्याच्याशी शर्यत लावत. तेविसाव्या-चोविसाव्या ठोक्याला लालबुंद होऊन हरत.

ती सुरावट मास्तरांची. क्लॅरिनेटची ती खुर्चीही आधी मास्तरांचीच होती. मास्तरांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होणार होतं, आणि केंद्रानं त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला होता. तो मुद्रित होणार नव्हता, थेट प्रक्षेपित होणार होता. समोर निमंत्रित बसणार आणि शेवटी तो सूर.

त्या दिवशी मुद्रण संपलं, तेव्हा काचेपलीकडून बोट हललं. ध्वनिमुद्रक त्याला आत बोलवत होता. या ध्वनिमुद्रकाला सगळे 'कान' म्हणत. तोही हाकेला ओ देई.

"बस," कान म्हणाला. "हे ऐक."

त्यानं बटण दाबलं. सुरावट आली, सूर लागला, आणि मध्येच एक आवाज झाला. जुन्या टेबलाचा फुगलेला खण कुणीतरी ओढून काढावा तसा.

"हे काय आहे?"

"खुर्ची असेल कुणाचीतरी."

"खुर्च्या श्वास घेत नाहीत, दमदार." कान खुर्ची त्याच्याकडे वळवून बसला. "कित्येक महिने झाले, मी तुझे दोन तुकडे जोडतोय. कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. तुझ्या बायकोलाही रविवारी बत्तीसच ऐकू येतात. पण थेट प्रक्षेपणात माझ्या हातात कात्री नसते."

"अजून वीस दिवस आहेत."

"वीस दिवसांत तू काय करणार?"

"रियाज वाढवणार," तो म्हणाला.

ज्याचं आयुष्य फुंकण्यात गेलं त्याला हेच सुचणार होतं. सुताराचा हात ढिला पडला तर तो आणखी लाकूड कापतो. घरी मागच्या बाजूच्या छोट्या खोलीत जाऊन तो दार लावी, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडकी लावी आणि पेटी उघडी. उघडताच संत्र्याचा वास दरवळे. हे मास्तरांचं वाद्य होतं. मास्तर गेल्यावर आठव्या दिवशी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, ते त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याबरोबर एक कानमंत्रही. लाकूड कोरडं पडलं की तडकतं. पेटीत संत्र्याचं साल ठेवायचं आणि आठवड्यानं बदलायचं. वाजवून झाल्यावर आतून फार पुसायचं नाही. "ओलं लाकूड गातं," असं मास्तर म्हणत. चाळीस वर्षं काकूंनी आपल्या हातानं पेटीत साल ठेवलं होतं.

तो वाद्याचे पाचही जोड बसवी, तोंडाशी लावलेली वेताची पातळ रीड ओठात धरी आणि तासभर लांब सूर काढी. चौदा, पंधरा. फार झालं तर सतरा. ओठांच्या कोपऱ्यांतून घाईघाईनं हवा ओढायची आणि पुन्हा सूर धरायचा.

संध्याकाळी अंगात कसकस यायची. पाठीतून थंडी, मग ताप आणि कोरडा खोकला. बायको पोस्टात टपाल वेगळं करायचं काम करी. दिवसभर हजार पत्ते वाचून घरी आलेली ती बाई नवऱ्याच्या कपाळावरचा एक पत्ता चुकणार नव्हती.

"अहो, हे काय चाललंय? रियाज झाला की तुमची शेगडी पेटतेच."

"कष्ट केल्यावर अंग दुखणारच गं."

"माझं अंग दुखतं तेव्हा त्यावर पोळ्या भाजता येत नाहीत."

डॉक्टरांना दाखवलं नव्हतं असं नाही. चार महिन्यांपूर्वी घराजवळच्या डॉक्टरांनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं होतं. त्यानं नळी तोंडात धरली, पाठ ताठ केली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं हवा अशी सोडली की समोरची मेणबत्ती विझूही नये आणि थरथरायचीही थांबू नये. यंत्राजवळचा मुलगा हसायला लागला. "काका, कमाल आहे. संपतच नाही की तुमचं!" दमदार खूश झाला. कागदावर मात्र आलं की हवा फार हळू बाहेर पडते. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघून दमा लिहिला आणि फवाऱ्याचा पंप दिला. पंप तो इमानेइतबारे ओढत होता. धाप तसूभरही हलली नव्हती.

प्रक्षेपणाला सोळा दिवस उरले, तेव्हा बायकोनं त्याला धरून छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयानं लहान होती पण घाईत नव्हती. पाठीवर थंडगार नळी ठेवून ती बराच वेळ ऐकत राहिली. कानच्या चेहऱ्यावर हेडफोन लावल्यावर जे भाव येत तेच तिच्या चेहऱ्यावर आले. तो घाबरला.

"खालच्या बाजूला करकर येतेय," ती म्हणाली. "नवा बूट वाकवल्यावर चामडं करकरतं ना, तशी. दम्यात अशी येत नाही. घरी पक्षी? कबुतरं?"

"नाही."

"भिंतींना ओल?"

"नाही," बायको म्हणाली. "मी जिवंत आहे तोवर नाही."

"काम काय करता?"

"क्लॅरिनेट वाजवतो. रेडिओवर."

"म्हणजे धूळ, पीठ, भुसा, असं काही नाही."

"नाही. आमच्या कामात नुसती हवा असते."

त्यानं हे थोड्या अभिमानानंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

फुंकायची तपासणी पुन्हा झाली. या वेळी यंत्रापाशी केस पिकलेली बाई होती. त्यानं सवयीनं सूर लावल्यासारखी हवा सोडली. तिनं मध्येच नळी काढून घेतली.

"हे काय करताय?"

"फुंकतोय."

"तुम्ही हवा वाटून वाटून वापरताय. मला काटकसर नको, उधळपट्टी पाहिजे. लाथ मारून दार उघडल्यासारखी सगळी एकदम बाहेर फेका."

त्याला ते जमेना. सव्वीस वर्षं जे अंगात मुरवलं, ते तीन सेकंदांत मोडायचं होतं. चौथ्या वेळेला बाई अशी काही ओरडली की घाबरूनच हवा सुटली. तिनं कागद पाहिला आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "लवकर बाहेर पडतेय हो. दम्याची नाही ही. हवा मुळात कमीच आहे आत. तुम्ही ती इतकी शिस्तीत सोडत होता की कळायला मार्ग नव्हता."

स्कॅन झालं. फुप्फुसांवर धुकं होतं. थंडीत काचेवर तोंडाची वाफ धरते तसं.

"कशाची तरी फुप्फुसांना चीड येतेय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुम्ही काहीतरी हुंगताय, श्वासाबरोबर आत घेताय, आणि ती सुजतायत. ते थांबलं तर सूज उतरेल. नाही थांबलं, तर जखम भरल्यावर कातडी ताठरते तशी ती ताठर होतील. मग औषधाचा उपयोग नाही."

"किती दिवस आहेत?"

"ते मला नाही सांगता येणार. पण तुम्ही शोधा. उत्तर तुमच्या घरात नाहीतर कामाच्या जागी आहे, माझ्या टेबलावर नाही. कधी सुरू झालं, कधी कमी झालं, कधी वाढलं. तारखा आणा मला."

घरी आल्यावर बायकोनं पदर खोचला. उशा गेल्या, गालिचा गेला, पुस्तकांचं कपाट उन्हात गेलं. भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्याला नाक लावून झालं. शेजारणीच्या पोपटावर संशय गेला आणि दोन दिवस शेजारीण बोलायची बंद झाली. दमदार खुर्चीत बसून पाहत होता. जिवावर उठलेलं काहीतरी या चार खोल्यांत आपल्याबरोबर राहतंय, जेवतंय, आणि त्याला तोंड नाही. तो चमचाही निरखून तोंडात घालू लागला. कधी सुरू झालं, हे मात्र त्याला आठवेना. एका सकाळी जिना उंच झालेला होता, एवढंच आठवत होतं.

"मास्तर गेल्यापासूनच तुम्ही असे झालात," बायको एकदा हलकेच म्हणाली. "दुःखानंही छाती भरते म्हणतात."

"दुःखाचं स्कॅन निघत नाही."

नऊ दिवस उरले, तेव्हा तो कानच्या खोलीत जाऊन बसला. "माझी एक पंचाईत झालीय. तारखा पाहिजेत, आणि मला एकही आठवत नाही."

कान हसला. "तुझ्या श्वासाच्या तारखा ना? त्या तुझ्याकडे कशा असतील? माझ्याकडे आहेत."

कान काहीही फेकत नसे. जोडलेलं गाणं रविवारी जगासाठी जाई. न जोडलेलं, खोकल्या-शिंकांसकट, तारीख घालून त्याच्या कपाटात राही. दीड वर्षाचे सोमवार त्यानं काढले. दोघं शेजारी बसले. फक्त शेवटचा सूर लावायचा, ठोके मोजायचे, आकडा लिहायचा.

दीड वर्षापूर्वी बत्तीस. मग बत्तीस, बत्तीस. एकदा चौतीस.

"शेखी मिरवत होतास," कान म्हणाला.

मास्तर गेले त्या आठवड्यातही बत्तीस. त्यानंतरचे दोन महिने बत्तीस. मग एकतीस, मग एकोणतीस. पुढं उतार लागला. सव्वीस, चोवीस, बावीस. दमदार कागदाकडे पाहत होता. आपल्याच मरणाचा जिना कुणीतरी पायरी पायरीनं काढून दाखवावा तसं ते होतं.

आणि मध्येच सत्तावीस. पुढच्या सोमवारी एकोणतीस. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तेवीस.

कान थांबला. "हे दोन सोमवार तू कुठं होतास?"

"इथंच."

"घर बदललं होतं? पाहुण्यांकडे होतास?"

"नाही रे. त्याच उशा, तोच गालिचा, तीच बायको."

"औषध?"

"तेव्हा पंपसुद्धा नव्हता."

कान यंत्राकडे वळला. त्यानं तो सूर पुन्हा लावला. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा लावला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. दमदारला स्वतःची छाती ऐकू येत होती.

"हे मास्तरांचं वाद्य नाही," कान डोळे न उघडताच म्हणाला. "हा आवाज जरा रुक्ष आहे. तुझं जुनं आहे हे, कॉलेजातलं."

खरं होतं. मास्तरांच्या वाद्याची भोकं झाकणारे पॅड गळत होते, म्हणून ते दुरुस्तीला दिलं होतं. दुरुस्तीवाल्यानं पंधरा दिवस घेतले होते.

पेटी पायाशीच होती. त्यानं ती टेबलावर ठेवून उघडली. संत्र्याचा वास आला, आणि या वेळी त्या वासाखालचा दुसरा वासही आला. बंद तळघराचा, भिजून वाळलेल्या पोत्याचा. तो इतके महिने तिथंच होता, पण गोड वासाच्या आडोशाला. त्यानं साल उचललं. वरून केशरी, आणि पालथं केलं तर निळसर हिरव्या भुकटीनं माखलेलं. खालचं मखमली अस्तर त्याच रंगाचं झालं होतं; आठवड्यानं साल बदलताना त्यानं तिकडं कधी निरखून पाहिलंच नव्हतं. त्यानं वरचा जोड सोडवला आणि दुर्बिणीसारखा दिव्याकडे धरला. आत, जिथून त्याची फुंकर रोज जात होती आणि जिथं ओठ ठेवून तो रोज हवा ओढत होता, तिथं काळे ठिपके बारीक लव धरून बसले होते. एक गावच वसलं होतं.

आणि रियाज वाढवला होता त्यानं. दारं-खिडक्या लावून, रोज तासभर.

"ठेव ते," कान म्हणाला. "आधी ठेव. तोंडाजवळ नेऊ नकोस."

पेटी बंद झाली.

"मास्तर..." दमदार म्हणाला आणि थांबला. मास्तरांना खोकला होता. शेवटची दोन-तीन वर्षं. सगळे म्हणायचे, वय झालं. मग म्हणाले, हृदय.

"शेवटी शेवटी लिफ्टनं यायचे," कान म्हणाला. "आपण हसायचो."

डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या काडीनं आतला नमुना घेतला, साल एका पिशवीत बंद केलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. वाद्यात तीच बुरशी, सालावर तीच, आणि रक्तात तिच्याशी झगडल्याच्या खुणा.

"हे धुऊन, वाळवून..."

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या छातीनं त्याला ओळखून ठेवलंय. कणभर उरलं तरी पुरे होईल. हे वाद्य पुन्हा ओठाला लावायचं नाही. जुनं असेल ते लावा. रोज आतून पुसा, उन्हात ठेवा, आणि साल-बिल काही नको."

"श्वास परत येईल?"

"बराचसा." तिनं गोळ्या लिहिल्या. "सगळा येईल असं मी खोटं सांगणार नाही."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो पेटी घेऊन काकूंकडे गेला. पेटी त्यानं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दोरीनं आवळली होती. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर ताटली, आणि ताटलीत अर्धवट सोललेलं संत्रं. त्यांचे हात आता थरथरत, पण साल एका लांब पट्टीत, न तुटता, निघत होतं.

"ये रे. हे काय? मढ्यासारखं बांधलंयस ते?"

रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती. काकू, त्यात बुरशी झाली होती. काकू, डॉक्टर म्हणाले. पण ताटलीतली ती केशरी पट्टी पाहिली आणि जुळवलेलं सगळं उसवलं. चाळीस वर्षं. आठवड्याला एक. कुणी नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावतं, कुणी त्याच्या डब्यात लिंबू ठेवतं. हिनं हे केलं होतं.

"काकू, वाद्य तडकलं," तो म्हणाला.

त्यांचा हात थांबला. "तडकलं?"

"वरच्या जोडाला. आता वाजत नाही. तुमच्याकडेच असू दे. पण पेटी उघडू नका, नाहीतर तडा वाढेल."

"तडकेल कसं?" त्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत केसाएवढी चीर गेली नाही. मी एक आठवडा चुकले नाही रे, बाळंतपणातसुद्धा चुकले नाही. तू साल ठेवत होतास ना?"

त्यानं ताटलीतल्या पट्टीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"विसरलो काकू," तो म्हणाला. "मधल्या काळात विसरलो."

"विसरलास!" त्यांनी तोंड फिरवलं. "त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू विसरलास." तो उठला. दाराशी पोचला, तेव्हा मागून हाक आली. काकूंनी ती लांब पट्टी कागदात गुंडाळली होती. "घे. उद्या जुन्यावर वाजवशील ना? निदान त्याच्यात तरी ठेव."

त्यानं ती पुडी घेतली. खाली उतरताना ती त्याच्या मुठीत ओलसर होत गेली. कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी तो थांबला, आणि पुडी टाकल्यावरही हाताचा वास घेत थोडा वेळ तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो लिफ्टनं आला. आत व्हायोलिनवाली बाई होती. तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि स्वतःच तीनचं बटण दाबलं.

लाल दिवा लागला. समोर निमंत्रितांच्या पहिल्या रांगेत बायको होती. काकू आल्या नव्हत्या. त्या घरी रेडिओपाशी बसल्या असणार. सुरावट सुरू झाली आणि एकेक वाद्य गप्प होत गेलं. जुन्या क्लॅरिनेटचा रुक्ष, कोरडा सूर एकटा उरला. दहा. पंधरा. अठराला छातीच्या तळाशी ती ओळखीची भिंत लागली. वीस. बायकोचे ओठ हलत होते, तीही मोजत होती. एकविसाव्या ठोक्याला त्याला कळलं की आता दोनच वाटा आहेत. सूर चोरून बारीक करत न्यायचा आणि गुदमरायचं, किंवा थांबायचं.

तो थांबला. त्यानं वाद्य ओठांपासून दूर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला, लाथ मारून दार उघडल्यासारखा. काचेपलीकडे कान दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं कशालाही हात लावला नाही.

मग दमदारनं सूर पुन्हा धरला आणि उरलेले अकरा ठोके वाजवले.